शून्य बिलाचा हिशेब

गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या गच्चीवर तीन किलोवॅटची पॅनेलं बसली. नागपूरच्या उन्हाला आम्ही आजवर फक्त शिव्याच घातल्या. आता सकाळी चहा घेताना मी मोबाइलवर ते किती आलं हे बघतो. चांगल्या दिवशी बारा-तेरा युनिटं होतात, ढगाळ असलं तर पाच-सहा. एप्रिलचं बिल आलं तेव्हा वापरलेल्या विजेच्या रकान्यात शून्य होतं. अगदी शून्य नाही, स्थिर आकाराचे शे-सव्वाशे रुपये होते. पण ज्या घराने मे महिन्याची चार-साडेचार हजारांची बिलं भरली आहेत, त्या घराच्या दृष्टीने ते शून्यच. मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. दोन मेहुण्यांनी लगेच एजंटचा नंबर मागितला.

वरच्या खोलीत दोन मुलं भाड्याने राहतात. एक वणीचा, एक उमरेडकडचा. दोघंही स्पर्धा परीक्षेची तयारी करतात. त्यांना सब-मीटर लावून दिला आहे आणि शहरात सर्रास पद्धत आहे तसे मी त्यांच्याकडून युनिटमागे आठ रुपये घेत होतो. पॅनेलं बसल्यावरही आठच. तीन महिन्यांनी उमरेडकडच्या पोराने जिन्यात गाठलं. "काका, तुमची वीज तं आता फुकटच झाली ना? मंग आमचं काऊन आठ रुपये?" मी म्हणालो, पॅनेलला खर्च आला आहे बाबा. त्या खर्चातले ७८ हजार रुपये केंद्र सरकारने माझ्या खात्यात टाकले, हे काही मी त्याला सांगितलं नाही.

त्या सरकारी पैशात त्या पोराच्या बापाचाही वाटा आहे. उमरेडच्या किराणा दुकानात तो साबण घेतो, त्यावर कर भरतो. गच्ची माझी, म्हणून अनुदान मला. पोराला गच्ची नाही, म्हणून त्याला माझा सब-मीटर.

'पीएम सूर्यघर' योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशात एक कोटी घरं, ७५ हजार कोटींहून जास्त खर्च. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला सरसकट ७८ हजार अनुदान. महाराष्ट्रात या योजनेत नागपूर जिल्हा आघाडीवर राहिला, आणि त्यात नवल काहीच नाही. मुंबईत माणसाला घर आहे पण गच्ची सोसायटीची. इथे बेसा, मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, गोधनीकडे प्लॉट घेऊन बांधलेली स्वतंत्र घरं आहेत, सपाट स्लॅब आहे, पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आहे आणि त्या उन्हाळ्याची धडकी भरवणारी बिलं आहेत. वर्धा रोडच्या मेट्रोतून खाली बघितलं तर पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या शेजारी निळ्या-काळ्या पॅनेलांची रांगच दिसते. पण ती रांग कुठे तुटते तेही वरून दिसतं. पत्र्याची छपरं सुरू झाली की पॅनेलं संपतात.

मी सौरविरोधी नाही. असतो तर पॅनेलं काढून टाकली असती, आणि ती मी मुळीच काढणार नाही. माझं म्हणणं एवढंच की माझं शून्य हे कुणाच्या तरी बिलात जमा होत असतं. विजेचे घरगुती दर पायऱ्यांचे असतात: पहिली शंभर युनिटं स्वस्त, पुढची महाग, तीनशेच्या पुढची आणखी महाग. वरच्या पायरीवरचा माणूस जास्त दर देतो म्हणून खालच्या पायरीवरच्याला वीज परवडते. कारखाने आणि दुकानंही तसाच भार उचलतात. आता या वरच्या पायरीवरचीच माणसं, म्हणजे मी आणि माझे दोन मेहुणे, पॅनेलं लावून पायरी उतरलो. महावितरणच्या तारा, रोहित्रं, लाइनमन, आणि वीज केंद्रांना द्यायचा करारातला पैसा यातलं काहीच कमी झालं नाही. तो खर्च उरलेल्यांवर वाटला जातो.

शिवाय एक फुकटची सोय मी वापरतो. दुपारी एक वाजता घरात पंखा आणि फ्रिज एवढंच चालू असतं. पॅनेलं त्याच्या कितीतरी जास्त वीज करतात आणि ती महावितरणच्या तारांच्या जाळ्यात जाते. रात्री एसी लावतो तेव्हा तेवढीच परत घेतो. नेट मीटरिंगच्या हिशेबात दुपारचं एक युनिट आणि रात्रीचं एक युनिट सारखंच. बाजारात मात्र ते सारखं नाही. दुपारी राज्यात विजेचा सुकाळ असतो, रात्री टंचाई. म्हणजे महावितरण ही माझी बॅटरी आहे आणि तिचं भाडं मी देत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला महावितरणने नियामक आयोगापुढे प्रस्ताव ठेवला की सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत तयार झालेली छतावरची वीज त्याच वेळेतल्या वापरातून वजा व्हावी, रात्रीच्या नाही. त्यावर राज्यभर ओरड झाली आणि नागपुरात ती सगळ्यात मोठी होती, कारण इथे पॅनेलंच जास्त. मीही ओरडणाऱ्यांत होतो. योजना एका हिशेबावर विकायची आणि पॅनेलं बसली की हिशेब बदलायचा, हा दगाच आहे. ज्यांनी जुन्या नियमावर पैसे घातले त्यांना जुना नियम राहिला पाहिजे, यावर मी आजही ठाम आहे. पण थंड डोक्याने विचार केला तेव्हा कबूल करावं लागलं की प्रस्तावातलं गणित खोटं नव्हतं. खोट वेळेत होती, आणि ज्यांना छतच नाही त्यांच्यासाठी त्यात काहीही नव्हतं यात होती.

स्मार्ट मीटरचंही तसंच झालं. जून २०२४ मध्ये आंदोलनं झाली, सामान्य ग्राहकांना स्मार्ट मीटर लावणार नाही असं सरकारने जाहीर केलं. मग 'टीओडी मीटर' आले. टीओडी म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार दर. नाव बदलून तीच वस्तू दारात आली की लोक चांगल्या वस्तूवरही विश्वास ठेवत नाहीत, आणि ही वस्तू खरं तर चांगली आहे. दुपारची वीज स्वस्त आहे हे गरिबाला कळायचं आणि त्याचा फायदा मिळायचा दुसरा मार्गच नाही. पण बसवणाऱ्याची वृत्ती चोरून लावण्याची असेल तर पोळ्यानंतरच्या आमच्या मारबतीच्या मिरवणुकीत त्या मीटरचा बडग्या, म्हणजे लोकांच्या रागाचा पुतळा, निघायचाच. "घेऊन जा गे मारबत!"

आता गच्चीवरून खाली उतरू. छिंदवाडा रोडने निघालं की सीताबर्डीपासून जेमतेम पंधरा किलोमीटरवर कोराडी येतं. एका हाताला जगदंबेचं देऊळ, तलाव. मागे धुरांडी आणि शीतकरण मनोरे. नवरात्रात लाखभर माणसं दर्शनाला येतात आणि त्यांच्या सेल्फीत देवीच्या कळसामागे महानिर्मिती या राज्याच्या वीज कंपनीचा धूर येतो. इथे ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत, २०१५ ते २०१७ या काळात सुरू झालेले. पलीकडे खापरखेड्याचं १,३४० मेगावॅटचं केंद्र. मौद्याला एनटीपीसीचे २,३२०. खाली चंद्रपूरला २,९२०. गोंदियात तिरोड्याला अदानींचे ३,३००. शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत एवढा कोळसा जाळणारी जागा देशात फार ठिकाणी नाही.

या कोराडीत आणखी दोन ६६०चे संच उभारायचं सरकारने ठरवलं. दहा हजार कोटींहून जास्त खर्चाचा प्रकल्प, जुन्या मोडीत काढलेल्या संचांच्या बदल्यात. २९ मे २०२३ रोजी भर उन्हाळ्यात त्याची जनसुनावणी झाली. बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून माणसं आली, घोषणा झाल्या.

मी नंतर एकदा तिकडे गेलो होतो तेव्हा रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर थांबलो आणि शहरी माणसाच्या थाटात राखेचा विषय काढला. चहावाल्याने कप आपटूनच ठेवला. "तुमी नागपूरवाले येता, राख राख करता अन् जाता. माह्या भाच्याले प्लांटमंदी कंत्राटात लागून सहा वर्सं झाले. नवा प्लांट नाई आला तं त्यानं का सोलरच्या काचा पुसाव्या?"

या प्रश्नाला मी टाळणार नाही, पण आधी राखेचं बोलतो, कारण त्या टपरीच्या छपरावरही ती होती.

ढोबळ हिशेब असा. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज काढायला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो. ६६०चे दोन संच ऐंशी टक्के क्षमतेने चालले तर दिवसाला अडीच कोटी युनिटं, म्हणजे सोळा हजार टनांच्या आसपास कोळसा. चार मालगाड्या, रोज. त्याची एक तृतीयांश राख धरली तरी पाच हजार टन, रोज. ही आत्ताच्या राखेच्या वर. आत्ताच्या राखेचं काय होतं ते आपण पाहिलं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये खापरखेड्याची राख पारशिवनी तालुक्यात नांदगावला टाकणं गावकऱ्यांच्या ओरडीनंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी थांबवायला लावलं. त्याच वर्षी जुलैत, पावसात, कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांतून, नाल्यांतून नदीपर्यंत गेलं. ज्या नद्यांचं पाणी नागपूर पितं, त्यांच्याच पाणलोटात आपण हे तलाव बांधून ठेवले आहेत.

हवेचं तर नियम असूनही झालं नाही. औष्णिक केंद्रांच्या धुरासाठी डिसेंबर २०१५ मध्ये कडक निकष आले, दोन वर्षांत पाळायचे होते. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवण्यातून देशातल्या सुमारे चार पंचमांश केंद्रांना मोकळीकच दिली गेली. आपल्या कोळशात गंधक कमी असतं हा त्यामागचा युक्तिवाद. गंधक कमी असतं हे खरं. पण एका टापूत दहा-बारा हजार मेगावॅट उभे असतील तर 'कमी' गुणिले किती, हे कोण मोजणार?

तरीही कोराडीच्या नव्या संचांना माझा मुख्य विरोध धुरामुळे नाही. रुपयांमुळे आहे. आणि हा मुद्दा जनसुनावणीत कुणी मांडत नाही, कारण तो घोषणेत बसत नाही.

औष्णिक केंद्राशी वीजखरेदीचा करार होतो तेव्हा दराचे दोन भाग असतात. एक इंधनाचा: जेवढी वीज घेतली तेवढा. दुसरा स्थिर आकार: केंद्र उभारायचं कर्ज, परतावा, देखभाल. हा दुसरा भाग वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो, केंद्र चालायला तयार असलं म्हणजे झालं. लग्नाचा हॉल बुक केल्यासारखं आहे. वऱ्हाड आलं नाही तरी भाडं भरायचंच. फरक एवढा की हा हॉल पंचवीस वर्षांसाठी बुक होतो.

समजा संच ऐंशी टक्के चालतो आणि स्थिर आकार युनिटमागे दोन रुपये पडतो. तोच संच चाळीस टक्के चालला तर तो चार रुपये होतो. वर इंधनाचे वेगळे. आणि हे संच पूर्ण क्षमतेने चालणार नाहीत, ही भविष्यवाणी नाही. सरकारचं स्वतःचंच धोरण तसं सांगतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात १६ हजार मेगावॅटचं लक्ष्य आहे. वर गच्च्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याने अदानींना ६,६०० मेगावॅटसाठी इरादापत्र दिलं, त्यात ५,००० सौर आणि १,६०० कोळसा, पंचवीस वर्षं, एकत्रित दर युनिटला ४ रुपये ८ पैसे. ही सगळी सौर वीज दुपारी एकदम येणार. तेव्हा औष्णिक संच दाबून ठेवावे लागतात, पंचावन्न टक्क्यांपर्यंत, आणि पुढे चाळीसपर्यंत आणायचं ठरलं आहे. दाबून चालवलेला संच युनिटमागे जास्त कोळसा खातो आणि त्याचे जोड लवकर झिजतात. डाव्या हाताने सूर्य विकत घ्यायचा आणि उजव्या हाताने तो दुपारी झाकायला नवा संच उभारायचा, असा हा कारभार आहे. दोन्हीची बिलं येतील ती उमरेडच्या पोराच्या सब-मीटरवर.

मग रात्रीचं काय? हा सवाल रास्त आहे आणि सौरऊर्जेचे काही भाबडे भक्त तो ऐकतच नाहीत. २०२५ मध्ये देशाची निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म इंधनांची झाली म्हणून पेढे वाटले गेले. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास अजून कोळशाचीच आहे. क्षमता आणि वीज यांत फरक असतो. नागपुरात मे महिन्यात रात्री अकराला पारा पस्तिशीखाली यायचं नाव घेत नाही, घरोघरी कूलर आणि एसी घरघरत असतात, आणि सूर्य तेव्हा अमेरिकेत असतो.

पण रात्रीसाठी कोळसा लागतो याचा अर्थ नवा कोळसा लागतो असा होत नाही. वर मोजलेले संच जाग्यावर आहेत. त्यातले बरेच २०१२ किंवा त्यानंतरचे आहेत. त्यांचा स्थिर आकार आपण भरतोच आहोत. त्यांना दिवसा दाबून रात्री चालवा, आणि संध्याकाळी सहा ते अकराच्या चढासाठी साठवण आणा. बॅटरीचे भाव गेल्या दोन-तीन वर्षांत कोसळले आहेत. २०२४ च्या अखेरीस केंद्राच्या सेकी या कंपनीच्या निविदेत सौर अधिक चार तासांच्या बॅटरीचा दर युनिटला साडेतीन रुपयांच्या आसपास आला. नवा कोळसा या दरात बसत नाही.

आणि बॅटरी ठेवायची कुठे, याचं उत्तर कोराडीच आहे. वीज क्षेत्रात आज सगळ्यात दुर्मीळ गोष्ट पॅनेल नाही, सेल नाही. जाळ्याला जोडायची जागा आहे. राजस्थानात पॅनेलं उभी आहेत आणि वीज न्यायला पुरेशा तारा नाहीत. कोराडीत ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे, तारा आहेत, संपादन केलेली जमीन आहे, जुन्या मोडलेल्या संचांचं रान मोकळं आहे, आणि यंत्र कळणारी माणसं आहेत. भांडेवाडीत प्रक्रिया केलेलं शहराचं सांडपाणी कोराडीपर्यंत आणण्याची सोयही या शहराने देशात आधी करून दाखवली. त्या जागेवर दहा हजार कोटी घालायचेच असतील तर साठवणीत घाला.

सरकारचा साठवणीचा सगळा उत्साह मात्र सह्याद्रीत आहे. खालचं पाणी दिवसा वर चढवायचं आणि रात्री सोडायचं, असे उदंचन प्रकल्प. घाटघरला २५० मेगावॅटचा आपल्याकडे आधीपासून आहे. अशा नव्या प्रकल्पांचे करारांवर करार होत आहेत. डोंगर तिकडे, म्हणून गुंतवणूकही तिकडे. आमच्या वाट्याला सपाट जमीन आणि राखेचे तलाव. विदर्भ सत्तर वर्षं अनुशेष मोजतो आहे, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारापासून: सिंचनाचा, रस्त्यांचा, नोकऱ्यांचा. राखेत मात्र आमचा अनुशेष नाही.

हे दुखणं जुनं आहे. १९९९ मध्ये चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची उच्चदाब थेट प्रवाहाची तार टाकली, दीड हजार मेगावॅट नेणारी. आणि २००५ नंतरच्या भारनियमनात त्याच तारेखालच्या गावांत बारा-बारा तास अंधार होता, मुंबई उजळलेली होती. ज्याने ते भारनियमन सोसलं आहे त्याला 'वीज अतिरिक्त झाली' हे वाक्य पचत नाही, आणि नव्या संचांना इथे जो पाठिंबा मिळतो त्यात त्या अंधाराचाही वाटा आहे. पण या तक्रारीचं राजकारण चमत्कारिक झालं. अन्याय झाला म्हणून प्रकल्प मागायचा, प्रकल्प म्हणजे पुन्हा धुरांडं, आणि धुरांडं आलं की धूर आमचा वीज त्यांची म्हणून पुन्हा अन्याय. या चक्राला बाहेरचे जबाबदार आहेत असंही म्हणता येत नाही. २०१४ पासून राज्याचं ऊर्जा खातं जवळपास सलग नागपूरकरांकडे आहे. चंद्रशेखर बावनकुळे, ते तर कोराडीचेच. मग नितीन राऊत. मग देवेंद्र फडणवीस. तीन माणसं, दोन परस्परविरोधी पक्ष, एक जिल्हा. कोराडीला काय हवं हे ठरवायला मुंबईला जायची गरज नव्हती.

आता चहावाल्याचा भाचा.

वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं, मुख्यालय नागपुरात आहे. सिव्हिल लाइन्समधलं ते ऑफिस बघताना लक्षात येत नाही, पण उमरेड, सावनेर, कामठी, वणी, बल्लारपूर ही गावं कोळशाच्या पगारावर वाढली. वेकोलित कायम नोकरी लागली की मुलाचं लग्न ठरतं, प्लॉट घेतला जातो, बहिणीचं शिक्षण होतं. माझ्या वरच्या खोलीतल्या वणीच्या पोराची फी त्याच्या काकाच्या वेकोलिच्या पगारातून येते. कोळशावर चौदा टक्के स्वामित्वधन राज्याला मिळतं. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसा. त्या भाड्याच्या नफ्यावर तुमचं-माझं नागपूर-मुंबईचं तिकीट स्वस्त राहतं. कोळसा बंद करा म्हणताना या साखळीतला प्रत्येक रुपया दुसरीकडून कुठून येणार हे सांगावं लागतं. सांगितलं जात नाही, म्हणून खाणीतला माणूस ऐकत नाही, आणि त्याचं चुकत नाही.

त्या रुपयाची एक सोय मुळात केलेली होती. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. वाढत वाढत २०१६ मध्ये तो ४०० झाला. कोळशाकडूनच पैसा घेऊन कोळशापलीकडे जायचं, अशी साधी, देखणी कल्पना. बराचसा पैसा त्या कामाच्या निधीत पोहोचलाच नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकराचं नाव बदललं. राज्यांच्या महसुलाची भरपाई करायला तो वापरला गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो रद्द झाला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. उमरेडच्या मातीतून निघालेल्या प्रत्येक टनावर सात-आठ वर्षं घेतलेले ते चारशे रुपये उमरेडच्या पुढच्या पिढीचे होते असं मी मानतो. ते सगळ्या देशाच्या महसुली खड्ड्यात गेले. याबद्दल एकही मोर्चा निघाला नाही. माझ्या नेट मीटरसाठी निघाला.

कायम कामगाराची मला तितकी चिंता नाही. त्याला वेतनकरार आहे, निवृत्तिवेतन आहे, बदली आहे, युनियन आहे. भाच्याला यातलं काही नाही. तो ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात आहे. संच बंद पडला तर त्याला कुणी काढूनसुद्धा टाकणार नाही, फक्त उद्यापासून बोलावणार नाही. म्हणून त्याच्यासाठी मागायचं ते ठोस मागितलं पाहिजे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा, म्हणजे जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या तीस टक्के, दरवर्षी जिल्ह्यात येतो. तो सभागृहांत आणि कमानींत न घालवता कंत्राटी कामगारांची नावानिशी नोंद करून त्यांच्या दुसऱ्या कामाच्या प्रशिक्षणाला आणि मधल्या काळातल्या मजुरीला बांधून ठेवायचा. काचा पुसायच्या नाहीत त्याने. उपकेंद्रात बॅटरीचे कंटेनर, इन्व्हर्टर, शीतकरण सांभाळायचं, जे तो आज बॉयलरजवळ करतो त्याच्याशी मिळतंजुळतं काम आहे. एक प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे: त्या कामाला माणसं कमी लागतात. पाचशेच्या जागी पाचशे नोकऱ्या निघणार नाहीत. जो पुढारी निघतील म्हणतो तो खोटं बोलतो.

शेतीबद्दल थोडक्यात, कारण तिथे सौरऊर्जेने निखळ भलं केलं आहे. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेला रात्री दोन वाजता पाणी द्यायला जाणारा माणूस साप, रानडुक्कर आणि आता वाघ यांच्या हिशेबाने जगत होता. त्याला दिवसा वीज मिळणं ही या सगळ्या बदलातली मला दिसलेली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला पाच वर्षं वीज फुकट, हे मात्र मला पटत नाही. वरुड-मोर्शीकडे भूजल खाली गेलेलं सगळ्यांना माहीत आहे, आणि सूर्य उगवून मावळेपर्यंत फुकट चालणारा पंप विहिरीला विचारत नाही.

गच्ची नसलेल्यांचा प्रश्न सोडवायला नवं काही शोधावं लागत नाही. एका ठिकाणी, समजा बंद खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यावर किंवा महापालिकेच्या शाळांच्या छतांवर, पॅनेलं उभारायची आणि त्यातला वाटा हजार घरांच्या बिलात वळता करायचा. दिल्लीने २०१९ मध्ये याचे नियम केले. इथेही भाडेकरूला एक किलोवॅटचा वाटा द्यायचा, खोली बदलली तर वाटा त्याच्या नव्या मीटरवर. ७८ हजारांचं माझं अनुदान त्यात गेलं असतं तर बस्तीतल्या दोनेक घरांचं शंभर युनिटांपर्यंतचं बिल निघालं असतं. हे मी अनुदान घेतल्यावर लिहितो आहे याची मला कल्पना आहे.

जिन्यातल्या त्या प्रश्नानंतर मी दर आठवरून सहावर आणला आणि चार दिवस स्वतःला उदार समजलो. मग वणीच्या पोराने कागदावर गणित करून आणलं. त्याची परीक्षेची तयारी चांगली चालली असावी. त्याचं म्हणणं, दुपारचं युनिट तुमच्या पॅनेलांचं, रात्रीचं महावितरणचं, मग दोन दर करा. सब-मीटरला दिवस-रात्र कळत नाही. तेव्हा ठरलं असं की सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला पोरांनी आकडा वाचून जिन्यातल्या कॅलेंडरवर लिहायचा. दिवसाचे तीन रुपये, रात्रीचे आठ. पहिल्या महिन्यात त्यांनी कपड्यांना इस्त्री दुपारी करायला सुरुवात केली, पाण्याची मोटर दुपारी लावायला लागले, आणि अभ्यासाला वाचनालयात जायचे ते दुपारी खोलीतच कूलर लावून बसायला लागले. रात्री दहानंतर दोघं गच्चीवर पॅनेलांच्या खाली चटई टाकून झोपतात. पॅनेलं तोपर्यंत गार झालेली असतात.